ताठपणा कमी केला, पण नेमका कुठे? खुब्याच्या एका टायटॅनियम स्टेमचं प्रकरण

खुब्याचा सांधा बदलून सात-आठ वर्षं झालेली. माणूस धडधाकट, वजनाने भारी, चालण्याफिरण्यात काही अडचण नाही. मग जांघेत बारीक दुखू लागतं. जिना चढताना आतून 'कट्' असा आवाज येतो. एके दिवशी खुर्चीतून उठताना पाय एकदम आखूड पडल्यासारखा होतो आणि तो खाली कोसळतो. एक्स-रेमध्ये कृत्रिम सांध्याचा गोळा दांड्यावर तिरका झालेला किंवा पार सुटलेला दिसतो. उघडून पाहावं तर आजूबाजूचं मांस काळं पडलेलं, आणि गोळा ज्या टोकावर बसवला होता ते टायटॅनियमचं टोक शार्पनरमधून काढलेल्या पेन्सिलीसारखं झिजलेलं.

हे एका रुग्णाचं वर्णन नाही. गेल्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत जे अहवाल येत राहिले, त्यांचा हा साधारण चेहरा आहे. कंपनीचं आणि स्टेमचं नाव इथे घेतलेलं नाही. मिश्रधातूचं नाव मात्र लपवता येणार नाही, कारण प्रकरण त्याचंच आहे: टीएमझेडएफ. टायटॅनियममध्ये १२ टक्के मॉलिब्डेनम, ६ टक्के झिर्कोनियम आणि २ टक्के लोखंड. धातू कमअस्सल होता म्हणून हे घडलं असं कोणी समजू नये. तक्त्यावर तो आधीच्या धातूपेक्षा सरस होता, आणि मला या प्रकरणात रस आहे तो त्याचमुळे.

पार्श्वभूमी

कृत्रिम खुब्यात मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक दांडा ठोकून बसवतात, तो स्टेम. त्याच्या वरच्या टोकाला निमुळती मान असते. मानेच्या टोकाचा शंकूसारखा भाग म्हणजे ट्रनियन. त्यावर गोळा दाबून, हातोडीने ठोकून बसवतात. स्क्रू नाही, सिमेंट नाही, फक्त घट्ट पकड. जात्याचा खुंटा जसा नुसता ठोकून बसतो तसं.

हाडाचा स्वभाव असा की त्याच्यावर भार आला तर ते टिकतं, भार गेला तर विरतं. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये हे मांडलं. प्लास्टर काढल्यावर हात कसा बारीक झालेला असतो, तसंच हाडाचंही होतं, फक्त सावकाश. आता हाडात एक ताठ धातूचा दांडा घातला की शरीराचं वजन हाडातून जाण्याऐवजी दांड्यातून खाली उतरतं. वरच्या भागातलं हाड बेकार होतं आणि झिजतं. याला 'स्ट्रेस शिल्डिंग' म्हणतात.

ताठपणा मोजायचं माप म्हणजे मॉड्यूलस. कोबाल्ट-क्रोमचा मॉड्यूलस २१० गिगापास्कलच्या वर, स्टेनलेस स्टीलचा २०० च्या आसपास. टायटॅनियम सिक्स-फोर, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मूळचा विमानांसाठीचा मिश्रधातू, साधारण ११० वर येतो. मांडीच्या हाडाचा कठीण भाग १५ ते २० च्या घरात. म्हणजे टायटॅनियम वापरूनही दांडा हाडाच्या साडेपाच ते सातपट ताठच.

अडचण काय होती

१९९० च्या सुमारास इम्प्लांटच्या धातूंवर काम करणाऱ्यांपुढे दोन तक्रारी होत्या. पहिली हीच, ताठपणाची. दुसरी सिक्स-फोरमधल्या व्हॅनेडियमची. पेशींवरच्या प्रयोगांत व्हॅनेडियम विषारी ठरत होतं, आणि ॲल्युमिनियमबद्दलही शंका होत्या. प्रत्यक्ष रुग्णांत सिक्स-फोरने फार मोठा उत्पात केला असं नाही, पण पर्याय शोधायला एवढी कुजबुज पुरेशी होती.

म्हणून मागणी ठरली: ताठपणा कमी, ताकद निदान तेवढीच, व्हॅनेडियम-ॲल्युमिनियम नको. मागणी अशी एका वाक्यात लिहिली की स्वच्छ वाटते. तिच्यात एक शब्द कमी होता, तो पुढे येईलच.

समोरचे पर्याय

सिक्स-फोर तसाच ठेवून दांड्याचा आकार बदलायचा, हा सगळ्यात कंटाळवाणा पर्याय. खाली चीर द्यायची, दांडा निमुळता करायचा, पोकळ करायचा. गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. १२ मिलिमीटरचा दांडा १४ चा केला तर तो सुमारे १.८५ पट ताठ होतो. उलट धातू बदलून मॉड्यूलस ११० वरून ८० वर आणला तर ताठपणा घटतो २७ टक्के. म्हणजे रुग्णाच्या हाडात एक-दोन साइझ मोठा स्टेम बसला की धातूने कमावलेलं सगळं गेलं. हा हिशेब कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर होतो, तरी आमच्या क्षेत्रात नव्या धातूचं आकर्षण आकारापेक्षा नेहमीच जास्त असतं. माझंही होतं.

व्हॅनेडियमच्या जागी नायोबियम घालून केलेला स्विस मिश्रधातू, टायटॅनियम–६ ॲल्युमिनियम–७ नायोबियम, तेव्हा वापरात आलेला होता. व्हॅनेडियमची तक्रार त्याने मिटते, ताठपणा मात्र जवळपास तेवढाच राहतो.

तिसरी वाट बीटा मिश्रधातूंची. शुद्ध टायटॅनियम ८८२ अंश सेल्सियसच्या खाली षटकोनी रचनेत असतं, त्याला अल्फा म्हणतात. त्याच्या वर घनाकृती रचनेत जातं, ती बीटा. मॉलिब्डेनम, नायोबियम, टँटलम, लोखंड असे धातू घातले की बीटा रचना खोलीच्या तापमानालाही टिकून राहते, आणि योग्य प्रमाण साधलं तर ती कमी ताठ असते. या कुळात टायटॅनियम–१३ नायोबियम–१३ झिर्कोनियम होता, नुसतं १५ टक्के मॉलिब्डेनम असलेला होता. पुढे जपानमध्ये निइनोमी आणि सहकाऱ्यांनी नायोबियम-टँटलम-झिर्कोनियमचा मिश्रधातू ६० गिगापास्कलच्या आसपास आणला. टीएमझेडएफ याच कुळातला.

चौथा पर्याय हाडाइतकाच लवचिक स्टेम. १९७० च्या दशकात युरोपात प्लास्टिकच्या आवरणात धातूचा गाभा घालून तो करून पाहिला होता. दांडा इतका वाकायचा की हाड आणि दांडा यांच्यात सतत हालचाल होऊन तो सैल पडायचा. नेदरलँड्समधले रिक हुइस्केस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये गणिताने दाखवलं की लवचिक दांडा हाडाची झीज कमी करतो, पण वरच्या बाजूला हाड आणि दांडा यांच्या सांध्यावरचा ताण वाढवतो. धडा तेव्हाच लिहिलेला होता: ताठपणा कमी केला की तो ताण नाहीसा होत नाही, शेजारी जाऊन बसतो. वाचणाऱ्यांनी तो हाडाच्या शेजारासाठी वाचला, गोळ्याच्या शेजारासाठी नाही.

निर्णय

एका अमेरिकी कंपनीने टीएमझेडएफ विकसित केला आणि १९९० च्या दशकातच त्याला अमेरिकी मानक, एएसटीएम एफ१८१३, मिळालं. आकडे शेजारी ठेवून पाहा. सिक्स-फोरच्या वैद्यकीय प्रतीसाठी मानकात तन्य ताकद किमान ८६० मेगापास्कल, टीएमझेडएफसाठी किमान ९३१. ताणून लांबणं १० टक्क्यांच्या जागी १२. मॉड्यूलस ७४ ते ८५. व्हॅनेडियम नाही, ॲल्युमिनियम नाही.

बनवायला तो सोपा नाही. लोखंड ओतकामात एका जागी गोळा होतं, आणि उष्णतेवर नीट लक्ष ठेवलं नाही तर बीटामध्ये ओमेगा नावाची बारीक, ठिसूळ रचना तयार होते, जी मॉड्यूलस परत वर नेते. ही सगळी कसरत त्यांनी साधली. धातुशास्त्र म्हणून काम पहिल्या दर्जाचं होतं, हे कबूल करायला हवं.

२००० च्या सुमारास या धातूच्या स्टेमला अमेरिकेत परवानगी मिळाली, तीही 'आधीच्या उपकरणाशी बऱ्याच अंशी समान' या वाटेने. त्या वाटेत नव्या उपकरणासाठी रुग्णांवर लांब चाचणी सहसा मागत नाहीत. स्टेम आणि मान फटिगच्या, म्हणजे पुन्हापुन्हा भार देऊन बघण्याच्या, चाचण्यांतून जातात. मानेच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५,३४० न्यूटनचा भार एक कोटी वेळा देतात आणि मान तुटते का ते पाहतात. ताकदवान धातूसाठी ही परीक्षा अवघड नव्हती.

मी त्या खोलीत असतो तर मीही सही केली असती. तेव्हाच्या माहितीवर निर्णय चुकीचा होता असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. चुकलं ते त्याच्यानंतर, आणि एका झटक्यात नाही.

दरम्यान गोळा मोठा झाला

जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये आधुनिक खुबा बसवला तेव्हा त्यांचा गोळा २२.२२५ मिलिमीटरचा होता. लहान गोळ्यात घर्षणाचा पीळ कमी, पण तो कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीतून निसटण्याची भीती जास्त. नंतर २८ आणि ३२ चे गोळे आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाटीसाठी क्रॉसलिंक केलेलं, कमी झिजणारं पॉलिएथिलीन आलं आणि मोठ्या गोळ्याची वाट मोकळी झाली. ३६, ४०, ४४. सर्जन खूश, कारण सांधा निखळणं कमी झालं. रुग्णही खूश, मांडी घालून बसता येण्याची आशा.

घर्षणाचा पीळ गोळ्याच्या त्रिज्येबरोबर वाढतो. २८ चा गोळा ४० चा केला की तोच भार, तेच घर्षण, पण टेपरवर, म्हणजे गोळा आणि ट्रनियन यांच्या शंकूच्या जोडावर, येणारा पीळ ४३ टक्क्यांनी जास्त. त्यात मान लांब करणारा गोळा वापरला तर तरफेचा हात आणखी लांबतो.

दुसरीकडून टेपर बारीक होत गेला. एके काळी युरोपात १४/१६ मिलिमीटरचा (टोकाला १४, बुडाशी १६) टेपर चालायचा, मग १२/१४, मग त्याहून सडपातळ. कारण रास्त होतं: मान बारीक असली की ती वाटीच्या कडेवर कमी आदळते आणि पाय जास्त फिरतो.

आता सगळं एकत्र ठेवू. समजा एका छेदाशी टेपर १४ ऐवजी १२.५ मिलिमीटरचा झाला. चौथ्या घाताने त्याचा ताठपणा ६४ टक्क्यांवर आला. मॉड्यूलस ११० ऐवजी ८० धरला की ४६ टक्क्यांवर. तोच भार येऊन ट्रनियन दुपटीहून जास्त वाकणार. आणि भार तर तोच राहिला नव्हता, वाढला होता. ही आकडेमोड माझी, नुसती कल्पना यावी म्हणून. खऱ्या टेपरमध्ये शंकूचा कोन, पृष्ठभागावरच्या बारीक चरा, ठोकण्याचा जोर असं बरंच काही येतं. दिशा मात्र बदलत नाही.

हाडात असलेल्या भागाला कमी ताठपणा हवा होता. गोळ्याखालच्या दोन सेंटिमीटरना उलट जास्तीत जास्त ताठपणा हवा होता. तुकडा एकच, धातू एकच. मागणीच्या वाक्यात जो शब्द कमी होता तो 'कुठे'.

टेपरच्या आत काय घडत होतं

टायटॅनियम गंजत नाही असं आपण म्हणतो ते त्याच्यावरच्या काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. इथे गोळा ज्याचा होता त्या कोबाल्ट-क्रोमवरही असा पापुद्रा असतो. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, वर्षाला प्रत्येक पायाची दहा लाखांच्या आसपास पावलं पडतात, आणि दर पावलाला टेपरमध्ये काही मायक्रॉनची सरकासरक होते. पापुद्रा खरवडला जातो, पुन्हा धरतो, पुन्हा खरवडला जातो. याला फ्रेटिंग म्हणतात. फटीतला द्रव साचून आम्ल होत जातो आणि धातू विरघळू लागतो.

मराठीत खुंटा हलवून बळकट करतात. इथे उलट झालं.

यात एक गोष्ट तपास करणाऱ्यांना चकवणारी होती. डोळ्यांना दिसणारी झीज टायटॅनियमच्या ट्रनियनची, पण रुग्णांच्या रक्तात वाढलेलं सापडत होतं कोबाल्ट. काढलेल्या सांध्यांच्या अभ्यासातून जो क्रम मांडला गेला तो असा: आधी कोबाल्ट-क्रोमच्या गोळ्याचं आतलं भोक गंजून मोठं होतं. गोळा हळूहळू खाली बसत जातो आणि शेवटी तळाला टेकतो. शंकूची पकड सुटते. मग तो ट्रनियनवर फिरायला लागतो, आणि कोबाल्ट-क्रोमपुढे टायटॅनियम नरम असल्यामुळे ट्रनियन किसला जातो. पेन्सिलीचं टोक हा शेवटचा अंक, पहिला नव्हे.

तुटण्याच्या चाचणीत हे दिसणं शक्य नव्हतं. मान तुटतच नव्हती.

पुढे काय झालं

पहिला मोठा धक्का याच धातूच्या दुसऱ्या रचनेत बसला. सर्जनला मानेचा कोन आणि लांबी निवडता यावी म्हणून मानही सुटी केलेले स्टेम आले होते: खाली टीएमझेडएफचा दांडा, त्यात कोबाल्ट-क्रोमची मान. म्हणजे एकाऐवजी दोन टेपर. जुलै २०१२ मध्ये ते बाजारातून परत घेतले गेले, कारण त्या जोडावरचं फ्रेटिंग आणि गंजणं. २०१४ मध्ये त्यावर अमेरिकेत अब्ज डॉलरच्या वरची तडजोड झाली.

एकसंध मानेच्या स्टेमचं प्रकरण आणखी उशिरा उघडलं. ऑगस्ट २०१६ मध्ये टेपरची पकड सुटल्याच्या अपेक्षेहून जास्त तक्रारी आल्याचं सांगून ठरावीक मोठ्या कोबाल्ट-क्रोम गोळ्यांबाबत सूचना निघाली. शब्दांकडे लक्ष द्या: परत बोलावले गोळे. स्टेम हाडात पक्का रुजलेला होता आणि तसा तो उत्तम रुजायचाही. तोवर कंपनीचा पुढच्या पिढीचा स्टेम आलेला होता, सिक्स-फोरचा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना या संदर्भात एएसआर खुबा आठवेल. तो ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला, भारतात सुमारे ४,७०० जणांना बसवलेला होता आणि इथल्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांपर्यंत जाऊन तो विषय लावून धरला. ते प्रकरण वेगळं, तिथे धातूवर धातू घासत होता. रक्तातलं कोबाल्ट आणि सांध्याभोवतीचं सडलेलं मांस मात्र दोन्हीकडे सारखं. त्यामुळे सुरुवातीला अनेकांनी टेपरचा त्रास गोळा आणि वाटीतलाच समजला. वाटी पॉलिएथिलीनची असूनही कोबाल्ट वाढतंय, म्हणजे ते तिथून येत नाही, हे लक्षात यायला वेळ गेला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, जोडणीची मर्यादा. धातू, टेपर, गोळ्याचा व्यास, गोळ्याची लांबी आणि रुग्णाचं वजन, या पाचांचा एकत्र तक्ता करून त्याचा सर्वांत वाईट कोपरा तपासायला हवा होता. सुटे भाग वेगवेगळ्या वेळी परवानगीला जातात. स्टेमची फाइल बंद झाल्यावर गोळा ४० चा होतो आणि कुणाच्याच टेबलावर संपूर्ण सांधा येत नाही. सडपातळ बाईला २८ चा गोळा आणि १२० किलोच्या पुरुषाला लांब मानेचा ४४ चा, दोघांसाठी खोक्यावर स्टेम एकच.

दुसरं, टेपरची जाडी. मॉड्यूलसमधली घट भरून काढायला व्यास किती वाढवावा लागतो? ११० भागिले ८०, त्याचं चौथं मूळ: आठ टक्के. साडेबाराचा टेपर साडेतेराचा. थोडी हालचाल कमी मिळाली असती. तेवढ्यासाठी धातू बदलावा लागला नसता.

पृष्ठभाग कठीण करणं शक्य होतं. टायटॅनियममध्ये नायट्रोजन किंवा ऑक्सिजन मुरवून वरचा थर कठीण करता येतो. पण मला यावर फार भरवसा नाही. वाकणारा पाया आणि वर कठीण कवच, म्हणजे ओल्या भिंतीवर डिस्टेंपर. सरकासरक थांबली नाही तर कवच कधीतरी सुटणारच.

गोळा सिरॅमिकचा वापरणं हा जास्त खात्रीचा उपाय ठरला. सिरॅमिकमध्ये विरघळायला कोबाल्टच नाही, आणि काढलेल्या सांध्यांत सिरॅमिक गोळ्याखालचे टेपर कमी खराब सापडतात. तो महाग आहे, आणि क्वचित फुटतोही.

चाचणीबद्दल मला जरा कडक बोलावंसं वाटतं. टेपरमधलं फ्रेटिंग-गंजणं तपासण्याची अमेरिकी पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीसच लिहिलेली होती. पण ती पद्धत होती, पास-नापासची रेघ त्यात नव्हती. रेघ नसलेल्या चाचणीचा निकाल अहवालाच्या परिशिष्टात जातो आणि तिथेच राहतो. शिवाय आठ वर्षांनी दिसणारी गोष्ट काही आठवड्यांत, ताज्या, कोरड्या, नीट ठोकलेल्या टेपरवर शोधायची होती. ऑपरेशन थिएटरमध्ये टेपरवर रक्ताचा थेंब किंवा हाडाचा कण राहतो, गोळा हलक्या हाताने ठोकला जातो, आणि पहिल्या दिवसापासून पकड अर्धवट असते.

शेवटचा मुद्दा नोंदणीचा. स्वीडनने १९७९ पासून आणि ऑस्ट्रेलियाने १९९९ पासून बसवलेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंद ठेवली आहे. आपल्याकडे उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. नोंद मात्र स्टेमचं नाव आणि गोळ्याचं नाव एवढ्यावर थांबली तर असं प्रकरण सापडत नाही. धातू, टेपर, व्यास आणि लांबी एकाच ओळीत हवी.

आज ज्यांच्या मांडीत तो स्टेम आहे

त्यांच्यातल्या बहुतेकांना काही त्रास नाही. ज्यांना होतो त्यांच्या रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम मोजतात, धातूमुळे येणारी धूसरता कमी करणारा एमआरआय काढतात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर सर्जन गोळा ठोकून काढतो आणि ट्रनियन पुसून पाहतो. आकार शाबूत असेल तर त्यावर टायटॅनियमची बाही चढवून सिरॅमिकचा गोळा बसवतो, दांडा तसाच राहतो. टोक पेन्सिलीसारखं झालं असेल तर हाडात अप्रतिम रुजलेला तो दांडा काढावाच लागतो, आणि तो सहजी निघत नाही म्हणून मांडीचं हाड वरून खिडकीसारखं उभं कापून उघडावं लागतं, मग पुन्हा तारांनी बांधावं लागतं. दोन्हींची तयारी ठेवूनच रुग्णाला आत घेतात, कारण कुठली करायची हे गोळा निघेपर्यंत नक्की कळत नाही.